जुनी चित्रपटगीते ऐकताना आवाजाखेरीज काय ऐकावे

पारोळ्याच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने लिहिले आहे की, आजोबांच्या पेटीत लाखेच्या तबकड्या सापडल्यापासून त्याला जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांची गोडी लागली आहे आणि आता तो मोबाइलवरही तीच गाणी ऐकतो. मात्र दहा-बारा गाणी सलग ऐकली की सगळी एकसारखीच वाटू लागतात. ही गाणी समजण्यासाठी रागदारी शिकावी लागेल का, ऐकताना नेमके लक्ष कशाकडे द्यावे, आणि त्या तबकड्यांचे काय करावे, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

धुळे, जळगाव, अमळनेर, भुसावळ या भागातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये मी आयुष्याचा मोठा काळ ॲकॉर्डियन आणि हार्मोनियम वाजवली आहे, आणि त्या अनुभवाच्या बळावर या उत्तराचा गाभा आधीच सांगतो. गाणी एकसारखी वाटतात, कारण आपण फक्त गाणाऱ्याचा आवाज ऐकतो. लता मंगेशकर यांचा आवाज दहा गाण्यांत एकच असणार, मोहम्मद रफी यांचाही एकच असणार. वेगळे असते ते त्या आवाजाच्या आधी, नंतर आणि मागे जे चाललेले असते ते. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या प्रत्येकाला हे रंगमंचावर कळते. गायकाने तोंड उघडण्याआधीच, सुरुवातीच्या वाद्यांच्या तुकड्यावर, म्हणजे ज्याला आम्ही वादक ‘म्युझिक पीस’ म्हणतो त्यावर, टाळी पडते. श्रोत्याने गाणे ओळखलेले असते, पण आपण ते कशावरून ओळखले याकडे त्याचे लक्ष गेलेले नसते. ते लक्ष तिकडे वळवणे, हेच या गाण्यांच्या आस्वादातले पहिले आणि सर्वांत मोठे काम आहे.

त्यासाठी आधी गाण्याची लांबी समजून घ्यावी. तुमच्या आजोबांच्या तबकड्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या असणार, आणि 10 इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते सव्वातीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावते. या मर्यादेने चित्रपटगीताला त्याची शिस्त दिली. सुरुवातीचा तुकडा, मुखडा म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, मधला तुकडा, अंतरा म्हणजे पुढचे कडवे, पुन्हा मुखडा, पुन्हा तुकडा आणि दुसरा अंतरा हे सगळे तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे एकही सूर फुकट घालवता येत नाही. गायकाला आलापी करत मूड जमवायला वेळ नाही. तो मूड वाद्यांनी पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत जमवून द्यायचा असतो. चित्रपटात तेच गाणे पुष्कळदा अधिक लांब असते, त्यात एखादा जादा अंतराही असतो, आणि तबकडीसाठी ते वेगळे गाऊन घेतलेले असण्याचीही शक्यता असते. म्हणून एखाद्या गाण्याची तबकडीवरची आणि पडद्यावरची अशी दोन्ही रूपे मिळाली, तर दोन्ही ऐकावीत. कशाला कात्री लागली आणि कशाला लागली नाही, यावरून संगीतकाराला त्या गाण्यात काय महत्त्वाचे वाटत होते, हे समजते.

आता एकच गाणे जवळून पाहू. ‘महल’ हा बॉम्बे टॉकीजचा 1949 सालचा चित्रपट. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश, आणि गाणे ‘आएगा आनेवाला’. प्रसंग असा आहे की, जुन्या वाड्यात रात्री एकटा असलेला नायक अशोक कुमार कोणाचा तरी आवाज ऐकतो आणि त्या आवाजाच्या मागे जातो. आवाज कोणाचा, कुठून येतो, ती बाई आहे की आभास, हे त्यालाही ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. अशा वेळी पहिल्या ओळीपासून ठेका धरला असता, तर गाणे सरळ बैठकीत बसल्यासारखे झाले असते. खेमचंद प्रकाश यांनी तसे केले नाही. गाण्याच्या आधीच्या काही ओळी तालाच्या बंधनाबाहेर, संथ, शब्दांमध्ये मोकळी जागा ठेवून गायल्या आहेत, आणि त्या मोकळ्या जागेतच भीतीही आहे आणि ओढही आहे. त्यानंतर मुखडा येतो आणि लय सुरू होते. ज्याची वाट पाहिली जात आहे तो खरोखर येणार, अशी खात्री त्या लयीमुळे वाटू लागते. सुरुवातीच्या ओळींमध्ये आवाज दुरून जवळ येत असल्यासारखा भासतो, तो काही यंत्राचा परिणाम नव्हता. लता मंगेशकर मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात एकेक पाऊल जवळ आल्या, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तेव्हा त्या एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तबकडीवर गायिकेच्या जागी चित्रपटातल्या पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’चे नाव छापले होते, आणि हा आवाज कोणाचा अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली. खेमचंद प्रकाश यांचे त्याच सुमारास निधन झाले. आपल्या या चालीची पुढची वाटचाल त्यांना फारशी पाहता आली नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

हे गाणे आज रात्री तीनदा ऐका, असे मी सुचवेन. पहिल्यांदा नेहमीसारखे ऐका. दुसऱ्यांदा गायिकेकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त वाद्ये ऐका. कोणते वाद्य कुठे येते, कुठे थांबते आणि गायिकेच्या ओळीच्या शेवटी उरलेली जागा कोण भरते, एवढेच पाहा. तिसऱ्यांदा पुन्हा सगळे एकत्र ऐका. या तिसऱ्या वेळी गाणे तुम्हाला नवे वाटेल, याबद्दल मला शंका नाही.

मधल्या तुकड्यांकडे विशेष लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. चाल संगीतकाराची असते, पण ती किती व्हायोलिनवर पसरायची, कोणत्या ओळीमागे कोणती समांतर सुरावट चालवायची आणि अंतऱ्यातून मुखड्यावर परत कसे यायचे, हे ठरवण्यात संगीत संयोजकाचा, म्हणजे अरेंजरचा, फार मोठा वाटा असतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे काम बहुतांशी गोव्याहून आलेल्या, स्वरलिपी वाचणाऱ्या वादकांनी केले. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा यांनी दीर्घकाळ संयोजन केले. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी होते. तबकडीच्या लेबलवर ही नावे नसत. आजच्या मोबाइलवरच्या यादीत तर पुष्कळदा गीतकाराचेही नाव नसते, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो. रेडिओ सिलोनच्या आणि 1957 साली सुरू झालेल्या विविध भारतीच्या निवेदकांनी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार असे चौघांचे उल्लेख करण्याची जी सवय लावली, तिच्यामुळेच आमच्या पिढीतल्या शेतावर रेडिओ घेऊन जाणाऱ्या माणसालाही शकील बदायुनी आणि नौशाद ही जोडी पाठ होती.

वादकांची नावे शोधून ऐकू लागलात, तर कान फार लवकर तयार होतो. ‘आवारा’ (1951) मधल्या सुमारे नऊ मिनिटांच्या स्वप्नप्रसंगाच्या शेवटी ‘घर आया मेरा परदेसी’ येते. त्यातला ढोलक लाला गंगावणे यांचा आहे. त्या गाण्यात फक्त ढोलक ऐका. तो नुसता ठेका धरून बसलेला नाही. ओळ संपण्याच्या जरा आधी बोल दाट होतात, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मोकळे होतात, आणि गायिका परत येताच ढोलक पुन्हा सरळ होतो. चांगला ढोलकवाला गायकाशी बोलत असतो, हे इथे अगदी स्पष्ट ऐकू येते. ‘नागिन’ (1954) ची बीन तर तुम्ही आपल्याकडच्या प्रत्येक वरातीत ऐकली असेल. हेमंत कुमार यांच्या त्या संगीतात बीनचा आवाज खऱ्या पुंगीचा नाही; कल्याणजी यांनी क्लेव्हियोलिन या लहानशा विजेवर चालणाऱ्या पट्टीच्या वाद्यावर तो काढला आणि त्याला रवी यांच्या हार्मोनियमची जोड होती. हे दोघेही पुढे स्वतंत्र संगीतकार म्हणून गाजले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या आपल्या बँडवाल्याकडे या बाबतीत बारकाईने पाहावे. त्याच्याजवळ शब्द नसतात, गायकाचा आवाज नसतो, आणि तरीही तो ओळीतली हरकत, म्हणजे स्वरांची छोटी नक्षी, कुठे आहे, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, कुठे आहे, दम कुठे घ्यायचा, हे सगळे वाद्यातून दाखवतो. लग्नाच्या बँडला गोंगाट समजणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, एखादा जाणता क्लॅरिनेटवाला जुने गाणे वाजवत असेल तर दोन मिनिटे थांबावे आणि चाल तिच्या उघड्या रूपात ऐकून घ्यावी.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची पद्धतही आस्वादात मदत करते. सुरुवातीच्या काळात एक-दोन मायक्रोफोन असत. मोठ्या आवाजाची वाद्ये मागे, नाजूक वाद्ये पुढे, आणि एकट्याने वाजवायचा तुकडा आला की तो वादक मायक्रोफोनजवळ सरके. गायक आणि सगळा वाद्यमेळ एकाच वेळी वाजत-गात असे, आणि शेवटच्या ओळीत कोणाची चूक झाली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मुंबईच्या फेमस स्टुडिओतले मिनू कात्रक यांच्यासारखे ध्वनिमुद्रक हा तोल कानाने साधत. जुन्या गाण्यात कोणतेही वाद्य दुसऱ्याच्या अंगावर येत नाही, त्यामागे ही माणसे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आता रागाचा प्रश्न. राग ओळखता आला तर आनंदच आहे, पण ती प्रवेशाची अट नाही. उलट राग ओळखण्याच्या नादात गाणे ऐकायचे राहून जाते, असे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे. ‘बैजू बावरा’ (1952) मधले ‘मन तड़पत हरि दर्शन को आज’ आणि ‘नवरंग’ (1959) मधले ‘आधा है चंद्रमा रात आधी’ ही दोन गाणी एकापाठोपाठ ऐका. दोन्हींचा आधार मालकंस राग आहे. रिषभ आणि पंचम वर्ज्य, म्हणजे रे आणि प हे स्वर त्यात येत नाहीत, आणि गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे जरा उतरलेले. पहिल्यात नौशाद आणि रफी यांनी त्याच स्वरांतून देवाच्या दारातली व्याकुळता उभी केली, आणि दुसऱ्यात सी. रामचंद्र यांनी आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांच्याकडून अर्ध्या रात्रीचा शृंगार गाऊन घेतला. स्वर तेच आहेत. फरक आहे तो लयीचा, शब्दांवरच्या वजनाचा, स्वर किती वेळ धरून ठेवायचा याचा आणि सोबतच्या वाद्यांचा. ‘हा मालकंस’ एवढे म्हणून थांबणाऱ्याला यातले काहीच सांगता येणार नाही, आणि मालकंसाचे नावही न ऐकलेल्या माणसाला हा फरक कानाने सहज कळेल.

खानदेशातल्या श्रोत्याजवळ तर शास्त्रीय शिक्षणाहून जुनी अशी एक तयारी आधीच असते, आणि ती वाया घालवू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर ‘आथानी कैरी, तथानी कैरी’ म्हणणाऱ्या मुली एक ओळ पुन्हा पुन्हा घेऊन तिच्याभोवती बाकीचे गाणे फिरवतात. मुखड्यावर परत येण्यातले समाधान त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या लोकदेवतेच्या, गाण्यांत एकीने उचललेली ओळ बाकीच्या झेलतात. चित्रपटगीतातला कोरस ऐकताना तीच रचना ओळखू येते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या ओळी मोजून पाहा: आठ अक्षरे, पुन्हा आठ अक्षरे. पुढचे चरणही तसेच आठ-आठ अक्षरांचे आहेत. जात्याच्या फेऱ्याला बसणारे हे माप इतके पक्के आहे की, चालीने त्याला धक्का न लावणे हेच संगीतकाराचे कौशल्य. बहिणाबाईंचे 1951 मध्ये निधन झाले. हे गाणे वसंत पवार यांच्या संगीतात 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात आले. ते ऐकताना चाल शब्दांच्या पुढे धावत नाही, अक्षरांच्या मापात राहून चालते, याकडे लक्ष द्या. बैठकीची लावणी आणि ढोलकीचा फड यांत मुरलेल्या संगीतकाराने इथे किती संयम ठेवला आहे, हे त्याशिवाय कळणार नाही.

याच ओघात सांगण्यासारखी एक गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या मंगेशकर भावंडांचे आजोळ तापीकाठचे थाळनेर, म्हणजे आजच्या शिरपूर तालुक्यातले गाव. मास्टर दीनानाथ यांच्या पत्नी, म्हणजे या भावंडांच्या माई, थाळनेरच्या गुजराती लाड घराण्यातल्या होत्या, आणि लतादीदींनी आजीकडून गरब्याची लोकगीते ऐकून शिकल्याचे नमूद आहे. अभिजात गाण्याचा संस्कार वडिलांकडून आला, तसा लोकगीताचा संस्कार आजोळाकडून आला, असे मला वाटते. त्यांच्या लोकगीताच्या ढंगाच्या गाण्यांत शब्द ज्या सहजतेने पडतात, त्याला हा आधार असावा.

पार्श्वसंगीताबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरीही दोन उदाहरणे देतो, कारण गाण्यांपुरते ऐकणारा माणूस अर्धेच ऐकतो. प्रभातच्या ‘कुंकू’ (1937) मध्ये व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी प्रसंगांमागे वाद्यमेळ वाजवण्याचे टाळले आणि प्रसंगात खरोखर असणाऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातल्या घड्याळाचा आवाज तिथे जे सांगतो, ते शंभर व्हायोलिनींनी सांगितले नसते. दुसरे उदाहरण ‘पथेर पांचाली’ (1955) चे, संगीत पंडित रविशंकर यांचे. बाप परगावाहून परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी काढतो, आणि मुलगी वारल्याचे दुःख आईला आवरत नाही. आईचा टाहो आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तार शहनाईचा, म्हणजे गजाने वाजवायच्या एका तारवाद्याचा, उंच सूर येतो. हा प्रसंग मी जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला असे वाटले आहे की, वाद्य माणसाची जागा घेऊ शकते ते फक्त अशाच ठिकाणी, जिथे माणसाचा आवाज पुरा पडणार नाही. पार्श्वसंगीत कधी असावे आणि कधी नसावे, हे या दोन चित्रपटांवरून जितके कळते तितके व्याख्यानांवरून कळत नाही.

मोबाइलवर ऐकताना आवृत्ती पारखून घ्या. मूळ ध्वनिमुद्रणावर नंतर ताल, प्रतिध्वनी आणि जादा वाद्ये चढवलेल्या पुष्कळ आवृत्त्या फिरत असतात; ढोलकाच्या जोडीला अचानक ठळक, आजच्या वळणाचा ठोका ऐकू आला किंवा आवाज विहिरीतून घुमल्यासारखा आला, तर ती आवृत्ती सोडून द्या. चित्रपटाच्या चित्रफितीवरून घेतलेल्या गाण्यात आणखी एक घोटाळा असतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो, आपल्याकडची टीव्हीची पद्धत 25 चौकटींची. त्यामुळे तशी उतरवलेली फीत सुमारे चार टक्के जलद चालते आणि गाण्याची पट्टी हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून थोडी जास्त चढते. हार्मोनियम घेऊन बसलात आणि सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागू लागला, तर दोष तुमच्या कानाचा नाही, त्या फितीचा असू शकतो.

शेवटी आजोबांच्या तबकड्या. लाखेच्या तबकडीवर एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या लांब वाजणाऱ्या तबकडीची, सुई कधीही लावू नका. 78 फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे तीन हजारांश इंचाची सुई लागते, तर एलपीची सुई त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढवते आणि स्वतःही खराब होते. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई लावणार असाल, तर ती दर बाजूला बदलावी लागते. एकच सुई वापरत राहिलात तर खाच कायमची कोरली जाते, म्हणून दुर्मिळ तबकडी अशा यंत्रावर न लावणेच योग्य. पुसण्यासाठी स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नका, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे ठेवावे आणि लगेच टिपून घ्यावे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकमेकींवर रचून ठेवू नयेत, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तर मुळीच ठेवू नयेत. वाजवण्यापूर्वी प्रत्येक लेबलचा स्पष्ट फोटो काढा आणि चित्रपट, गायक, संगीतकार व तबकडीचा क्रमांक एका वहीत लिहून घ्या. काही लेबलांवर गायकाऐवजी पात्राचे नाव असेल, ते आहे तसेच उतरवा. मग योग्य सुईचे यंत्र असलेल्या एखाद्या जाणत्या संग्राहकाकडे नेऊन त्यांचे डिजिटल रूप एकदाच नीट करून घ्या, आणि करून देणाऱ्याला आवर्जून सांगा की खरखर काढण्याच्या नादात वरचे सूर छाटू नका. थोडी खरखर राहिली तरी चालेल, पण व्हायोलिन आणि झांजेचा आवाज जाता कामा नये.